झाकली मूठ

रोड टाऊनच्या बंदराकडे तोंड करून फिकट पिवळी इमारत,
दुसऱ्या मजल्यावर ऑर्लीन व्हँटरपूल
सकाळी आठला पंखा लावते
आणि चारशे सत्तावीस कंपन्यांची संचालक होते.
कंपन्यांना हात नाहीत, पाय नाहीत,
पोस्टाची पेटी आहे, सगळ्यांत मिळून एक.
पैसा या बेटावर कधी उतरलाच नाही.
तो इथून गेला, एवढंच लिहिलं गेलं,
आणि लिहिलं ते ऑर्लीनने.

एकोणीस वर्षांची होती नोकरीला लागली तेव्हा.
पहिलं काम बारशांचं.
लंडनहून फॅक्स यायचा: पन्नास नावं, शुक्रवारपर्यंत.
खिडकीतून दिसेल ते ती टिपायची.
पेलिकन होल्डिंग्ज. ओला दोर ट्रेडिंग.
शेजारणीच्या शेळीचंही नाव दिलं एकदा,
क्लेमेंटाइन इन्व्हेस्टमेंट्स लिमिटेड.
शेळी पुढच्या ईस्टरला कापली.
कंपनीने कुठल्याशा थंड शहरात सव्वीस मजले घेतले.

मग त्या सप्टेंबरचं वादळ.
छप्पर गेलं, कपाटं उघडली, फायली डोंगरभर झाल्या.
काटेरी झुडपांना अडकलेल्या भागधारकांच्या सह्या
आठवडाभर फडफडत होत्या,
आणि शेळ्यांनी, क्लेमेंटाइनच्याच वंशातल्या असतील,
दोन ट्रस्ट आणि एक मृत्युपत्र खाल्लं.
कुणाचं काही बुडालं नाही.
प्रती दुसऱ्या बेटावर होत्या.
ऑर्लीनच्या घराची प्रत मात्र कुठे नव्हती.

भाऊ ऑस्मंड मासे धरतो.
होडीचा परवाना दरवर्षी, रांगेत उभं राहून, रोख.
एका रविवारी माशावर लिंबू पिळता पिळता म्हणाला,
माझी होडी घाल ना तुझ्या एखाद्या कंपनीच्या नावावर.
सगळे हसले. तीही.
रात्री तिने हिशोब करून पाहिला, खरंच पाहिला.
होडीच्या किमतीपेक्षा कंपनीची फी जास्त निघाली.
लपवायचं तरी आधी ऐपत लागते.

आता जर्सीहून वकील आलाय, ल केन नावाचा,
नाक उन्हाने सोललेलं, बोलणं मऊ.
म्हणतो, जग बदलतंय, मिस व्हँटरपूल.
पंधरा टक्के, कुठेही जा, किमान पंधरा.
वर कायद्याला कंपनीत सत्त्व हवं:
खरं टेबल, खरा माणूस, खरं विजेचं बिल.
तीस वर्षांनी सत्त्वपरीक्षा!
म्हणून तळमजल्यावर अकरा खुर्च्या आल्यात,
प्लास्टिक अजून काढलेलं नाही,
त्यांत बसायला शाळेतून नुकती सुटलेली अकरा पोरं
तासाच्या बोलीवर.

बाकीच्या कंपन्या निघाल्यात.
सामान नाही, निरोप नाही, धक्क्यावर कुणी रडत नाही,
वाळवंटातल्या कुठल्याशा नव्या शहरात
त्या उद्या सकाळी जाग्या होतील, वय तेच, नाव तेच.
ल केन म्हणतो, पुढे बेटही लागणार नाही,
नुसतं सूत्र पुरेल, यंत्र स्वतःच सही करेल.
ऑर्लीन विचारते, आणि पेटी?
तो समजत नाही.
पोस्टाची पेटी, ती म्हणते, तिची किल्ली कुणाकडे द्यायची?

झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडायला सांगितलंय आता, एकेक बोट,
नव्या नोंदवहीत, नव्या रकान्यांत.
शेवटचा रकाना: अंतिम लाभ कोणाला?
रिकामा ठेवला की पडदा लाल होतो.
चाचणीचा फॉर्म आहे, काहीही भरा, ल केन म्हणाला,
आणि जेवायला गेला.

ऑर्लीन थांबते.
कंपन्यांच्या फीतून आलेलं शाळेचं नवं छप्पर.
ब्रिस्टलला नर्सिंग शिकलेली मुलगी, जी परतली नाही.
दवाखान्यापर्यंतचा डांबरी रस्ता. त्यापुढचा, मातीचा.
आणि ती शहरं, जिथून हे सगळं निघून आलं,
तिथलेही रस्ते असतील कुठेतरी मातीचे,
तिथेही असेल कुणी परवान्याच्या रांगेत.
नावं तिला माहीत नाहीत.
नावं माहीत नसणं हीच तर नोकरी होती.

खाली नव्या खुर्चीतलं एक पोर
प्लास्टिक टराटरा फाडतंय.
ती दोन बोटांनी टाइप करते: क्लेमेंटाइन.
पडदा हिरवा होतो.